भिंतीवरचं दूध

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत भुवनाला न ओळखणारा माणूस म्हणजे एकतर कालच पाळण्यात आलेला, नाहीतर ज्याच्या दंडाला कधी सुई लागली नाही असा. सांबशिव डॉक्टरांच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं आहे. दुसरीकडे तिघी-तिघींनी टोचून टोचून चाळणी केलेले म्हातारे शेवटी तिच्यापुढे हात पसरतात, आणि ती गप्पा मारता मारता शीर शोधून रक्त काढूनही घेते. तिला माणसं नावानं आठवत नाहीत, आकड्यांनी आठवतात. देवळात कोणी बाई हसली, की भुवनाच्या मनात आधी येतं, 'साखर दोनशे चाळीस, आणि हातात गोड पोंगलचे दोन द्रोण,' आणि मग नमस्कार.

अशा बाईच्या घरातच माणूस पिवळा पडला आणि तिला दोन दिवस कळलं नाही. ही गोष्ट गल्लीत अजून चवीनं सांगितली जाते. पण त्यात दोष तिचा कमी आणि हळदीचा जास्त.

झालं असं, की तिच्या सासूबाई कामाक्षीबाई, वय एकोणऐंशी, माहेर पापनाशम, यांच्या माहेरचा जेजुरीच्या खंडोबाला एक जुना नवस राहून गेला होता. तीनशे वर्षांपूर्वी घराणं महाराष्ट्रातून तंजावूरकडे आलं, तेव्हापासून देवाचा फोटोच काय तो घरात. कामाक्षीबाईंनी मुलापुढे हट्ट धरला आणि भुवनाचा नवरा गणेशकुमार, वय एक्कावन्न, वीज मंडळातला हेड क्लार्क, रजा टाकून निघाला. दर्शन झालं, नवस फिटला, भंडाऱ्याच्या चार पुड्या घेऊन स्वारी परत आली. येताना मोठा अभिमान घेऊन आली, तो वेगळाच.

वाटेत कुठल्याशा टपरीवर यानं घरच्या सवयीप्रमाणे विचारलं होतं, "स्वामी, मज थोडकें ताक मिळेल काय?"

टपरीवाला बघतच राहिला. "काका, नाटकात काम करता का?"

"नाही. वीज मंडळांत."

मग टपरीवाल्यानं आतून बायकोला बोलावलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावलं, आणि काकांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. प्रत्येक वेळी बर्फ घातलेलं एक ग्लास ताक फुकट. गणेशकुमारनं ते वाक्य तीनदा म्हटलं. घरी येऊन त्यानं निकाल दिला, "तिथल्या लोकांस मराठी येतं. पण फार नवीन."

पाच आठवड्यांनी त्याला ताप आला. अंग मोडून आलं, जेवण नको झालं. कामाक्षीबाईंनी पुडी सोडली आणि लेकाच्या कपाळाला, गालांना, मानेला भंडारा चोपडला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. भुवना सात वाजता लॅबला जायची आणि परत येऊन बघायची तो नवरा पिवळाधम्मक, हळदीनं. तिसऱ्या दिवशी त्यानं तोंड धुतलं आणि टॉवेलनं पुसलं. टॉवेल पांढराच राहिला, आणि तोंड पिवळंच.

"अहो, इकडं पाहा. डोळे उघडा मोठे."

त्यानं डोळे उघडले. भुवनानं हातातली इडलीची ताटली खाली ठेवली.

"लघवी कशी होते?"

"कॉफीच्या डिकॉक्शनसारखी," तो म्हणाला. "पहिल्या धारेच्या."

"आणि मज सांगटलं नाही?"

"तू विचारटलं नाहीस. तू साऱ्या गावास विचारतेस."

कामाक्षीबाई मात्र हात जोडून उभ्या होत्या. "देवानं नवस घेतला. हळद चढली माझ्या लेकास."

"अत्या, ही देवाची हळद नाही. कावीळ आहे."

"तुज सारं सुईंतूनच दिसतं," सासूबाई म्हणाल्या.

मंगळवारी त्याला गावातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. दूषित पाण्यातून पोटात जाणारा हा विषाणू महिनाभर गुपचूप बसतो आणि मग यकृत धरतो. बहुतेक माणसं चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होतात. डॉक्टर लावण्या, वय जेमतेम तीस, बोलायला मऊ आणि कामाला कडक, तिनं हेच सांगितलं आणि भुवनाला हे माहीतही होतं. पण रक्तातला कावीळ मोजायचा आकडा, बिलिरुबिन, मंगळवारी चौदा होता. गुरुवारी सत्तावीस झाला. शुक्रवारी सकाळी छत्तीस.

भुवनानं बावीस वर्षांत छत्तीस पाहिला नव्हता. वीसच्या पुढे गेलेले दोघं तिला आठवत होते, आणि त्या दोघांच्या घरी ती भेटायलाही जाऊन आली होती, तेराव्याला.

शुक्रवारी साडेअकराला डॉक्टर लावण्यानं तिला आणि साईप्रियाला खोलीत बोलावलं. साईप्रिया तिची मुलगी, वय एकवीस, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

"अक्का, मी स्पष्ट सांगते," लावण्या तमिळमध्ये म्हणाली. "बिलिरुबिन चढतंय आणि यकृताची एन्झाइम्स एकदम उतरली आहेत. उतरणं नेहमी चांगलं नसतं. यकृतात मरायला काही उरलं नाही, की तेव्हाही ती उतरतात. रक्त गोठायची तपासणी, आयएनआर, एकच्या आसपास हवी ती चार पूर्णांक आठ आली आहे. आणि आज सकाळपासून ते गोंधळलेले आहेत. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की आपण थांबत नाही. चेन्नईला बोलले आहे मी. अँब्युलन्स तीन वाजता निघेल. तिथे बहुधा यकृत बदलावं लागेल."

"कोणाचं?" भुवनानं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"माझं," साईप्रिया म्हणाली. "अप्पांचा गट बी पॉझिटिव्ह, माझाही तोच. मी सकाळीच सांगून टाकलं. तू लॅबमध्ये रजा टाकायला गेली होतीस तेव्हा."

शीतपेयाच्या बाटलीचं झाकण उघडायला बापाला हाक मारणारी ही मुलगी. स्वतःचं अर्धं यकृत देण्याबद्दल ती अशी बोलत होती, की जणू कोणाला नोट्स द्यायच्या आहेत. भुवनाला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून तिनं केसपेपर मागितला. हाताला काम लागलं की ती सावरते.

केसपेपरवर सकाळी सहाची नर्सची नोंद होती. 'रुग्ण भिंतीकडे बोट दाखवून दूध, दूध म्हणतो. दूध आणून दिल्यावर नाकारतो. पुन्हा भिंतीकडे बोट. भ्रम. दिशाभान नाही.'

भुवनानं ती नोंद दोनदा वाचली. मग ती उठली आणि नवऱ्याच्या खोलीत गेली. तो डोळे मिटून पडला होता. ओठ सुकलेले, रंग जुन्या पितळेसारखा.

"अहो. सकाळीं नर्सजवळ काय मागटलं?"

"मीं काय मागणार," तो हळू आवाजात म्हणाला. "मीं म्हणतों पाल, पाल. ही बाई दुधाचा ग्लास आणते. दोनदा आणलं. मज वाटलं, हिला वेड लागलं."

भुवनानं वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या पट्टीखाली, त्याच्या उशीच्या बरोबर वर, बोटभर पाल बसली होती.

आता हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजवावं लागेल. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. भिंतीवरच्या त्या प्राण्याला पल्ली म्हणतात. गणेशकुमार दिवसभर कचेरीत तमिळच बोलतो आणि उत्तम बोलतो, पण झोपेतून अर्धवट उठलेला माणूस आईच्या भाषेतच घाबरतो. तमिळ नर्सला जे ऐकू आलं तेच तिनं लिहिलं. तिच्या जागी कोणीही तेच लिहिलं असतं.

भुवनानं डॉक्टर लावण्याला हाताला धरून खोलीत आणलं आणि भिंत दाखवली. लावण्यानं गणेशकुमारला तमिळमध्ये तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. तो एक्कावन्नापर्यंत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझं वय आलं. इथं थांबतो. पुढं गेलो तर परत लहान होईन."

लावण्याला हसू आलं, पण ते तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

"अक्का, हे एक झालं. भ्रम नाही, मान्य. पण आयएनआर चार पूर्णांक आठ आहे. तो काही मराठीत बोललेला नाही."

"मला एक निळी ट्यूब आणि एक जांभळी ट्यूब भरून घेऊ दे," भुवना म्हणाली. "मी आमच्या लॅबमध्ये हातानं करून बघते. तीनच्या आत येते."

"मशीनवर विश्वास नाही तुमचा?"

"मशीनवर आहे. छत्तीस बिलिरुबिनच्या या प्लाझ्मावर नाही."

लावण्यानं केसपेपर मिटला. "अँब्युलन्स मी रद्द करणार नाही."

"करू नकोस."

भुवनानं रक्त काढलं. मग खाली येऊन तिनं स्कूटीला किल्ली लावली. उन्हात कीळवासलकडच्या रस्त्यावर टाउन बस आडवी झाली होती आणि तिच्यामागे सारं गाव हॉर्न वाजवत उभं होतं. पिशवीत दोन ट्यूब होत्या. तिनं पिशवी पोटाशी धरली आणि स्कूटी फुटपाथवर घातली. एरवी असं करणाऱ्यांना ती रस्त्यात थांबवून बोलते.

लॅबमध्ये पोचेपर्यंत साडेबारा झाले. निळी ट्यूब मशीनवर फिरवली तेव्हा पेशी खाली बसून वर आलेला प्लाझ्मा, रक्तातलं पाणी, पिवळा नव्हता. पिवळट तपकिरी होता, त्यात लालसर झाक. हॉस्पिटलचं मशीन प्लाझ्मातून उजेड पाठवतं आणि उजेड अडला की गोठलं असं समजतं. या काळ्या पाण्यातून उजेड जाणार कुठून आणि अडणार कुठे? गोठलेलं त्याला फार उशिरा कळणार, म्हणून आकडा फुगणार. मशीनला डोळे असतात, हात नसतात.

सांबशिव डॉक्टरांनी जुनं काहीच टाकलेलं नव्हतं. सदतीस अंशांचं गरम पाण्याचं भांडं होतं, काचेच्या नळ्या होत्या, तारेचा आकडा होता, स्टॉपवॉच होतं. नवीन पोरी त्या भांड्याला 'म्युझियम' म्हणत. भुवनानं नळी भांड्यात धरली, प्लाझ्मा घातला, औषध घातलं आणि घड्याळ दाबलं. मग नळी तिरकी, सरळ, तिरकी, सरळ. निरोगी माणसाचं रक्त साधारण तेरा सेकंदांत जाळं धरतं. यकृत मेलेल्या माणसाचं पन्नास सेकंदांतही धरत नाही.

तेरा गेले. नळीत नुसतं पाणी हललं. चौदा. पंधरा. साईप्रियाच्या पोटावर कुठून कुठपर्यंत टाके येतील हे भुवनाला उगाचच दिसलं. सोळा. सतरा. तिनं तारेचा आकडा बुडवला आणि वर उचलला. अठरा. आकड्याला काही लागलं नाही. एकोणीस.

आकड्याला धागा आला. बारीक, चिकट, कोळ्याच्या जाळ्यासारखा.

तिनं घड्याळ थांबवलं आणि स्टुलावर बसली. पण बसल्या बसल्याच तिला दुसरं सुचलं. ही नळी बायकोनं हलवली होती. बायकोला धागा हवा होता. लॅबमध्ये माणसाला जे हवं ते दिसतं, हे तिनंच सगळ्या पोरींना शिकवलं होतं.

आत सांबशिव डॉक्टर, वय बहात्तर, दहीभात खात होते.

"सर, एक प्लाझ्मा आहे. हातानं वेळ काढून द्याल?"

"कोणाचा?"

"एका पेशंटचा."

"माझे हात चालतात की नाही हे बघतेस होय," असं म्हणत त्यांनी हात धुतले. भुवना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं मनात मोजलंही नाही. पाठीमागून आवाज आला, "साडेएकोणीस. काय गं, एवढ्यासाठी माझा दहीभात गरम झाला?"

साडेएकोणीस म्हणजे आयएनआर दीडच्या आसपास. यकृत थकलं होतं, मेलं नव्हतं; एन्झाइम्स उतरली ती ते सावरू लागलं म्हणून.

मग बिलिरुबिनचे छत्तीस कुठून आले?

जांभळी ट्यूब मशीनवर लावली. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. पण मशीननं त्याखाली दुसऱ्या एका आकड्यापुढे तारा काढला होता. प्रत्येक तांबड्या पेशीत किती हिमोग्लोबिन कोंबलंय ते सांगणारा तो आकडा. तो शेहेचाळीस होता. तांबड्या पेशीत इतकं मावतच नाही. म्हणजे ते पेशींच्या आत नव्हतं, बाहेर सांडलेलं होतं, आणि मशीन सांडलेलंही धरून मोजत होतं. तिनं बारीक नळीत रक्त फिरवून खाली बसलेल्या पेशींचा थर हातानं मोजला. खरं हिमोग्लोबिन सहाच्या घरात होतं. मंगळवारी बारा होतं.

तिनं काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बऱ्याच पेशींची एक कडा गायब होती. पंगतीत पोराटोरांनी कडेनं चावा घेऊन टाकलेल्या अप्पळांसारखी, म्हणजे पापडांसारखी. अशा पेशी तिनं एकदाच पाहिल्या होत्या, पुस्तकात.

"सर, हे बघा."

सांबशिव डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला. "जी-सिक्स-पी-डी. तांबड्या पेशींचा जन्माचाच उणेपणा. एरवी कळत नाही. मोठा आजार आला, किंवा मलेरियाची ठरावीक गोळी दिली, की पेशी फुटायला लागतात. कावीळ यकृताची थोडी आणि फुटक्या रक्ताची फार." ते तिच्याकडे बघत राहिले. "पेशंट कोण आहे, भुवना?"

 तिनं घरी फोन लावला.

"अत्या, तुमच्या माहेरीं कोणा पुरुषास अशी हळद चढली होती काय?"

"म्हणून तर नवस होता," पलीकडून कामाक्षीबाई म्हणाल्या, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक असायला हवं. "माझ्या भावास, वेंकटरावास. थंडीताप आला, डॉक्टरानं मलेरियाची गोळी दिली. दुसरे दिवशीं पिवळा, आणि लघवी काळी. अम्ही खंडोबास बोलटलों, वाचव, पायीं घालूं. वाचला. माझ्या मामासहि झालं होतं. अम्हां घरच्या पुरुषांस देव हळद लावतो. बायकांस नाही."

"बायकांस नाही," भुवना म्हणाली. "बायका ती देतात, अत्या."

"काय म्हणतेस?"

"घरीं येऊन सांगतें."

हा दोष आईकडून मुलाकडे येतो. मामा, भाऊ, लेक. साठ वर्षं हे घराणं देवाचा नवस समजून एका आजाराची नोंद अचूक ठेवत आलं होतं, आणि त्याच नवसापायी पोराला दूषित बर्फाच्या त्या तीन ग्लास ताकापर्यंत पोचवून आलं होतं.

रुग्णालयात ती पोचली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अँब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं आणि साईप्रिया आत बापाची उशी ठेवत होती.

"उशी काढ," भुवना म्हणाली.

"अम्मा, डॉक्टरनी सांगितलंय."

"मी डॉक्टरशी बोलून येते. तोवर काढ."

डॉक्टर लावण्यानं तिचं सगळं ऐकलं, काच स्वतः बघितली, गोठायच्या दोन्ही वेळा कोणी काढल्या ते विचारलं. दुसरी वेळ काढणाऱ्याला पेशंट कोण ते माहीत नव्हतं, हे कळल्यावर ती खुर्चीत नीट बसली. मग तिनं चेन्नईच्या यकृततज्ज्ञाला फोन लावला. भुवनाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो सर. हातानं. नाही सर, दोघांनी वेगवेगळी. नाही, भ्रम नव्हता. ते... ते पालीबद्दल बोलत होते. पाल सर, म्हणजे पल्ली. मराठी आहेत ते." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. भुवना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नव्हती.

लावण्यानं फोन ठेवला. "ते म्हणतात, सहा हिमोग्लोबिन घेऊन सात तासांचा रस्ता करायचा नाही. आधी रक्त. गोठायची तपासणी दुसऱ्या पद्धतीनं उद्या सकाळी पुन्हा. आता धोका मूत्रपिंडांना आहे, फुटलेलं रक्त तिथे अडकतं. जी-सिक्स-पी-डी पाठवू, पण आत्ता ती तपासणी नॉर्मल आली तरी मी मानणार नाही, कमजोर पेशी सगळ्या फुटून गेल्यात. तीन महिन्यांनी परत करू." ती थांबली. "सकाळी मला हे दिसायला हवं होतं, अक्का."

"तुझ्याकडे म्युझियम नाही," भुवना म्हणाली.

अँब्युलन्स तीन वाजता दुसऱ्या कोणाला घेऊन गेली. साडेतीनला रक्तपेढीतून निरोप आला, की दोन पिशव्या आहेत, तिसरी लागली तर बघावं लागेल. साईप्रियानं लगेच बाही वर केली.

"माझं घ्या. यकृत नको तर रक्त तरी."

"तुझं नको," भुवना म्हणाली.

"का? गट तोच आहे."

भुवना तिच्याशेजारी बाकावर बसली. हे सांगायला तिला पेशींबद्दल जेवढं येत होतं तेवढं सगळं चार वाक्यांत बसवावं लागलं. "कारण अप्पांकडे जे आहे ते त्यांच्या प्रत्येक मुलीकडे जातं. तुला त्रास होणार नाही बहुधा. पण तुझ्या रक्तातल्याही काही पेशी तशाच आहेत. त्या त्यांना द्यायच्या नाहीत."

साईप्रियानं बाही खाली घेतली.  सकाळपासून कापून घ्यायला तयार झालेल्या मुलीला एकदम काहीच द्यायचं उरलं नव्हतं, आणि घ्यायचं मात्र काहीतरी निघालं होतं.

"म्हणजे मला मुलगा झाला तर?"

"तर त्याला कुठली औषधं द्यायची नाहीत ते आपण लिहून ठेवू. नवस बोलणार नाही."

"मग आत्ता मी काय करू?"

"पाणी पाज त्यांना. डॉक्टरनी सांगितलंय तेवढं, तासातासाला. आणि लघवी किती होते ते मोजून लिही."

साईप्रिया आत गेली. खांबाला टांगलेल्या पिशवीतून रक्त थेंबथेंब उतरत होतं. तिनं बापाच्या डोक्याखाली हात घातला आणि ग्लास ओठांना लावला.

"उकळलेलं आहे काय?" गणेशकुमारनं विचारलं.

"वीस मिनिटं."

त्यानं अर्धा ग्लास घेतला, दम खाल्ला आणि उरलेला अर्धाही घेतला. भुवना पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या लघवीच्या बाटलीजवळ वाकली. बाटलीच्या रेषेवर नख धरून तिनं आकडा वाचला, आणि मुलीनं तो कागदावर लिहून घेतला.